दहा दिवसांचा पट्टा

—नाही, नकाराचं पत्र मीच लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, खाली माझी सही. एवढं आधी स्पष्ट करते, डॉक्टरीणबाई, कारण यापुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून सगळा दोष तुम्ही आमच्या यांच्या माथी माराल, आणि अर्धवट उत्तराला मी चौतीस वर्षांत कधी पूर्ण गुण दिलेले नाहीत. पत्र मी लिहिलं. कागद मी वाचला नाही. या दोन गोष्टी माझ्या. बाकीच्या — बाकीच्यांचं बघू. तो कागद पुन्हा एकदा वाचता का? सावकाश. मोठ्यानं. हो, मघाशी ऐकलं मी, कान शाबूत आहेत माझे, फक्त मान गेली आहे — तरी वाचा. "पट्टा दहा दिवस. त्यानंतर काढून टाकावा. मानेचे व्यायाम सुरू करावेत. काळजीचे कारण नाही." हं. दहा दिवस. दहावर एखादं शून्य वगैरे नाही ना पुसट झालेलं? नाही. मी हा पट्टा नऊ महिने घातला, बाई. झोपेतसुद्धा. आणि तुम्ही ते वाचून दाखवलंत तेव्हा हे काय म्हणाले, ऐकलंत? "मी जरा पाणी पिऊन येतो." पाण्याचा तांब्या इथे तुमच्या टेबलावर आहे, वर झाकण, शेजारी दोन पेले — आणि हे पाणी प्यायला बाहेर गेले.

शेक राहू दे, छान वाटतोय. पंधरा मिनिटं म्हणालात ना? मग पंधरा मिनिटं मला बोलू द्या, पालथं पडून माणसाला दुसरं काय करता येतं? तुम्ही विचारत होतात, दुखणं सुरू कसं झालं. सुरू कसं व्हायचं — चौतीस वर्षं मांडीवर वह्या घेऊन तपासल्या. टेबल होतं घरात, पण टेबलावर यांची घड्याळं. हे घड्याळजी आहेत, सांगितलं नाही का मी? पुढच्या खोलीत दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. आता तुम्ही सांगा, मान खाली घालून काम करण्यानं मान दुखते, हे शास्त्र — मग यांची मान एक दिवस दुखू नये? मी म्हणायचीसुद्धा, तुम्हाला सवय आहे, दुकानात खाली आणि घरातही खालीच. हसायचे. मला वाटायचं, विनोद आवडला.

हो, दोन उशा. दोन्ही जाड. तुम्हाला कसं कळलं? आणि फोन — तोही अपराध माझाच, त्या महिन्यात फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून तासन्‌तास बोलत होते, कारण हात मोकळे हवे होते, याद्या करायच्या होत्या. मग एक दिवस सकाळी उठले तो मान अशी धरलेली, की डावीकडे बघायचं तर अख्खी मीच फिरायची, दरवाजासारखी. शेजारच्या काकूंनी सांगितलं, न्हाव्याकडून कडाकड मोडून घ्या, मोकळी होईल. नाही हो, नाही घेतली मोडून, तेवढी अक्कल आहे मला. असं काय बघताय? बघत नाही म्हणता? बरं.

याद्या कसल्या? तेच तर सांगते आहे. मला बोलावणं आलं होतं. मुलींची निवासी शाळा, इथून रेल्वेनं सहा तास. मुख्याध्यापिका म्हणून. दोन वर्षांसाठी. बाई, अकरा वर्षं मी उपमुख्याध्यापिका होते. अकरा वर्षांत खुर्चीवर तीन जण येऊन गेले — पहिले संचालकांचे मेहुणे, दुसऱ्यांना आवाज नव्हता, तिसरीला मीच शिकवलेलं — आणि शाळा चालवली कुणी? विचारा कुणालाही. निवृत्तीच्या दिवशी मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळजीच्या बायकोला! हे म्हणाले, चांगलं आहे, यंत्र मजबूत आहे. मी ते लावलं नाही. आणि मग चार वर्षांनी, मी बासष्टची असताना, हे बोलावणं. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला नाही समजायचं. वाढदिवसाला एकदा लहानपणी मला नवी चप्पल मिळाली होती, ती उशाशी घेऊन झोपले होते — तसं ते पत्र मी उशाखाली ठेवलं. त्या दोन जाड उशांच्या खाली, हो.

तयारी मी चोख केली. यांच्यासाठी वेळापत्रक केलं. आठवड्याचं, तासवार, कपाटाच्या दारावर चिकटवलं. सोमवारी कपडे, मंगळवारी किराणा, डबा लावून देणार होते, डबेवाल्या बाईंशी बोलून झालं होतं. रविवारी संध्याकाळी सहाला मी फोन करणार. काय? यांना विचारलं का? कशाबद्दल? — जाण्याबद्दल? बाई, विचारायचं काय त्यात? सांगितलं. त्यांनी वेळापत्रक वाचलं, शांतपणे, भिंग न लावता. म्हणाले, "रविवारी सहाला दुकानात गिऱ्हाईक असतं." मी म्हटलं, मग साडेसहा. खोडून साडेसहा केलं. याहून जास्त काय करायचं असतं माणसानं?

हां, कळलं, बसते. हळू. कूस वळायचं आणि मग हातावर भार देऊन उठायचं, एकदम मानेवर नाही. लक्षात ठेवते.

तर हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो आम्ही. आता ते इथे नाहीत म्हणे, मुलाकडे राहायला गेले — चांगले होते. फोटो काढला मानेचा. त्यांनी मला आत सांगितलं, वयानुसार मणक्यांची थोडी झीज आहे, सगळ्यांनाच असते, स्नायू आखडले आहेत, आधी पट्टा घाला, बाकीचं लिहून देतो. मला उभं राहवेना, म्हणून मी बाहेर बाकावर येऊन डोळे मिटून बसले आणि हे आत थांबले कागद घ्यायला. बाहेर आले. मी म्हटलं, वाचा.

इथे थोडं थांबते. हे तुम्हाला नीट समजायला हवं. आमच्या घरी एक पद्धत आहे. हे वाचतात आणि मी ऐकते. लग्न झाल्यापासून. मी वह्या तपासायची, हे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, पत्रं वाचायचे, विजेचं बिल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं — सगळं. आणि मी ऐकता ऐकता 'असं नाही' म्हणत चुका सांगायची. 'श' पोटफोड्या आहे का शेंडीफोड्या, जोडाक्षर पूर्ण उच्चारा, वाक्य संपलं की थांबा. यांचं शिक्षण सातवीपर्यंत, आता यांच्याइतकं शुद्ध वाचणारा माणूस तुम्हाला गावात मिळायचा नाही. तर त्या बाकावर यांनी कागद हातात धरला आणि वाचलं: पट्टा कायम घालावा. प्रवास वर्ज्य. जिने चढू नयेत. मानेला ताण पडेल असं कोणतंही काम करू नये. वाचताना 'वर्ज्य' शब्दावर अडखळले. आणि मी — बाई, मी डोळे मिटूनच त्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. व-र्ज्य. दोनदा. नीट आला, तेव्हा म्हटलं, हं, पुढे.

चाळीस वर्षं मी त्यांचा उच्चार तपासला. मजकूर एकदाही तपासला नाही. वर्गात पोरी म्हणायच्या, बाई, आईनं चिठ्ठी दिली आहे, तर मी चिठ्ठी हातात घेऊन, उजेडात धरून, सही ताडून बघायची. आणि हे कागदाकडे बघत, तिथे नसलेली चार वाक्यं सलग म्हणत होते, पूर्णविरामावर थांबत होते — मीच शिकवलं होतं ना थांबायला.

हात दाबू? तुमचा? जोरात? घ्या. दुखलं? माफ करा. म्हणजे शक्ती आहे असंच ना? मुंग्या फक्त अंगठ्यात आणि या बोटात येतात, पंधरा दिवस झाले. वस्तू हातातून पडत नाहीत, चालताना तोल जात नाही. तसं झालं तर थांबायचं नाही, लगेच यायचं — बरं. पण आत्ता तसं नाही. आत्ता काय आहे, ते मला स्पष्ट शब्दांत सांगा, मी कच्च्या मनाची नाही. स्नायू. कमजोर झाले. पट्ट्यानं. म्हणजे काम मानेचं आणि करत होता पट्टा, म्हणून मान आळशी झाली. नऊ महिने बाकावर नुसती बसवलेली मुलगी, फळ्यापुढे उभी केली की लटपटणारच. मग पट्टा काढला की दुखायचं, दुखलं की हे म्हणायचे, बघ, डॉक्टर म्हणाले होते ना — आणि पुन्हा बांधायचे. किती सरळ. यांच्या घड्याळांसारखं, एक चाक फिरलं की दुसरं आपोआप.

त्या संध्याकाळी मी नकाराचं पत्र लिहिलं. मान खाली होत नव्हती, तर हे लाकडी फळी घेऊन समोर उभे राहिले, कागद माझ्या डोळ्यांसमोर धरून. पाव तास. मी लिहीत होते, "प्रकृतीच्या कारणास्तव," आणि फळी हलत होती. मी म्हटलं, नीट धरा, अक्षर बिघडतंय. मला वाटलं, वय झालं, हात थरथरतात. पण घड्याळजीचा हात तो! केसाएवढा स्क्रू चिमट्यानं बसवणारा हात. तो फळी धरताना का थरथरेल? विचारलं नाही मी. अक्षर मात्र बिघडू दिलं नाही.

हा असा? तळहात कपाळावर, डोक्यानं पुढे ढकलायचं आणि हातानं अडवायचं, मान जागची हलू द्यायची नाही. दहा आकडे. एक, दोन — श्वास रोखायचा नाही, समजलं — तीन, चार. हे काय, एवढ्यानंच मान थरथरायला लागली? सात. आठ. कमाल आहे. एवढं वजन असतं का हो डोक्याला? पुन्हा? पुन्हा.

पट्टा घातला की खाली दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे? लोकांना वाटतं, बाजूला दिसत नाही एवढंच. खाली काहीच दिसत नाही. ताट दिसत नाही, स्वतःची पावलं दिसत नाहीत, फरशीवर कचरा आहे का दिसत नाही, समोरच्यानं शर्टाचं बटण एक घर चुकवलं आहे का दिसत नाही. नऊ महिने मी समोर बघितलं, फक्त समोर. आणि समोर कोण असणार? हे. सकाळी सात वाजता, माझी अंघोळ झाली की, हे माझ्या मागे उभे राहायचे, केस एका हातानं वर उचलून धरायचे आणि पट्टा बांधायचे. आधी बोटानं बघायचे, कुठे काचत नाही ना. एक बोट आत सरकायला हवं, तेवढा सैल. घड्याळाचा पट्टा मनगटाला बसवतात ना, तसं. यांच्या बोटांना तेलाचा वास येतो, घड्याळाच्या तेलाचा, फार सूक्ष्म. चाळीस वर्षांत तो मला ठाऊक नव्हता. स्वयंपाक शिकले. बरा करायचे. खारट झालं तरी मी बोलले नाही, माणूस एवढं करतो आहे, काय बोलायचं? पुन्हा वाचायला लागले संध्याकाळी, आणि खरं सांगू का, मी चुका सांगणंसुद्धा सोडलं. मान धरली की आवाज चढवता येत नाही. हनुवटी हलत नाही. मग म्हटलं जाऊ दे. 'श' कुठलाही असू दे. ऐकायला बरं वाटत होतं. तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलं तेव्हासुद्धा मी —

नाही. काही नाही. तुम्ही चुकीचं ऐकलंत. दुखणं थांबलं नव्हतं, कमी झालं होतं. — बरं, थांबलं होतं. तुम्ही लिहून का घेता आहात? हे लिहायचं नाही. एक दिवस हे बाहेर गेलेले असताना काढून बघितला पट्टा, फार नाही, तासभर. मान फिरत होती. दोन्हीकडे. आणि हे आल्याची चाहूल लागली तसा मी तो परत गळ्याभोवती धरला आणि म्हटलं, "सुटलाय हो, जरा बांधता?" — आता कळलं तुम्हाला? झालं समाधान? पण म्हणून हे आणि ते सारखं होत नाही, बाई. मी पट्टा चार दिवस जास्त घातला असेल. यांनी माझी शाळा नेली. मी यांचं काय घेतलं, एक खोटं वाक्य बोलून? यांनी माझी दोन वर्षं घेतली, आणि वर माझ्याकडून त्याबद्दल आभार घेतले. रोज. सकाळी सात वाजता. मी कुणाचे आभार मानत नसते हो, घरात तर नाहीच. यांचे मानले. ते शब्द मला आता परत हवे आहेत, आणि परत घेण्याची काही सोय नाही.

परवा दुपारी त्या शाळेच्या चिटणीस बाईंचा फोन आला. ज्या बाईंना घेतलं होतं त्या सोडून गेल्या, नव्या सत्राला सात आठवडे आहेत. "आपली मान आता बरी असेल, तर" — अशी विचारणा केली. पत्र आलं असतं तर यांनी वाचून दाखवलं असतं, आणि काय वाचून दाखवलं असतं ते देव जाणे. पण फोन आला, आणि हे दुकानात होते, आणि मी उचलला. म्हणून आले मी इथे. मुंग्यांसाठी नाही. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की जाता येईल का. हे म्हणत होते, कशाला उगाच, डॉक्टरांनी एकदा सांगितलं आहे ना. तुम्ही म्हणालात, जुने कागद दाखवा. यांनी फाईल घरी राहिली म्हणून सांगितलं. फाईल माझ्या पिशवीत होती. मी ठेवली होती. शिस्त आहे मला.

म्हणजे जाता येईल. सहा आठवडे व्यायाम नियमानं केला तर. एक पातळ उशी. वह्या मांडीवर नाहीत, टेबलावर, डोळ्यांच्या पातळीला. अर्ध्या तासानं उठायचं. फोन कानाला हातानं धरायचा. एवढंच? एवढ्यासाठी —

बोलवा त्यांना. नाही, तुम्ही थांबा इथेच, मला कुणीतरी असायला हवं. नाहीतर मी वर्गातला आवाज काढेन. — अहो, आत या. झालं का पाणी पिऊन? बसा. तिथे नाही, समोर बसा, मला मान वळवायची नाही अजून. मला एकच उत्तर हवं आहे. का? — खाली बघू नका. चाळीस वर्षं खाली बघितलंत, आता इकडे बघा. एकटं राहावं लागलं असतं म्हणून? मग तसं सांगायचं होतंत! तोंड होतं ना? — काय? मोठ्यानं बोला. — ऐकलंत, डॉक्टरीणबाई? म्हणतात, "तू विचारलं कुठे होतंस." आणि आणखी काय म्हणाले, ऐकलंत ना? मी पुन्हा म्हणते, म्हणजे नीट नोंद होईल. म्हणतात, "दहा दिवसांनी मी सांगणारच होतो. पण दहा दिवसांत तू मला एकदाही 'असं नाही' म्हणाली नाहीस. मग म्हटलं, अजून दहा दिवस."

नाही, रडत नाही मी. शेकानं डोळ्यांत येतं पाणी. येत नाही? बरं, येत नसेल.

ठीक आहे. आता मी विचारते. इथे, डॉक्टरीणबाईंसमोर. मला ती शाळा घ्यायची आहे, दोन वर्षं, तुम्हाला चालेल का? — लगेच उत्तर देऊ नका, विचार करा. — केला? एवढ्यात? — बरं. आणि तुम्ही सोबत या असं मी म्हणत नाही. आज म्हणत नाही. मला तुमच्या हातचं खाताना तो कागद आठवणार, वाचायला बसलात की आठवणार, मागे येऊन उभे राहिलात तरी आठवणार. तो आठवेनासा होईल की नाही, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं मी सांगत नाही. हेही चालेल का? — हं.

तर ठरलं ते असं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी इथे येईन, एकटी, रिक्षानं. पट्टा, बाई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दिवसाला थोडा थोडा कमी करून पंधरा दिवसांत बंद. तो या पंधरा दिवसांत माझी मी बांधेन. चिटणीस बाईंना होकाराचा फोन मी आज घरी गेल्याबरोबर करणार. मी जाणार, हे इथे राहणार, दुकान चालू राहील. कपाटावर वेळापत्रक लागणार नाही, यांचे दिवस हे बघतील. डॉक्टरीणबाईंना मान्य आहे. मला मान्य आहे. यांनाही — तोंडानं सांगा, मान हलवलेली मला चालत नाही — यांनाही मान्य आहे.

झालं. बाहेर तीन माणसं खोळंबली आहेत, बाई. पुढच्यांना आत घ्या.